उडण्याआधी थांबण्याची विद्या

मनुष्याच्या हौसेस मर्यादा नाही, आणि ती असावी असेही आम्ही म्हणत नाही. ज्या घरात सायकल आली तेव्हा आजोबांनी 'पोरगा हातपाय मोडून घेणार' म्हणून कपाळास हात लाविला, त्याच घरात पुढे फटफटी आली, मोटार आली, आणि आज त्या मोटारीवाचून आजीबाईंचे देवदर्शनही अडते. तेव्हा घरातील एखाद्या तरुणाने 'मला विमान चालवावयास शिकावयाचे आहे, आणि साधल्यास दोघातिघांच्या भागीत एक लहानसे विमानही घ्यावयाचे आहे,' असे म्हटले, तर त्यात आकाश कोसळण्यासारखे काही आहे असे आम्हांस वाटत नाही.

तथापि एवढ्या एका वाक्याने एकत्र कुटुंबात केवढी खळबळ उडते, हे आमच्या एका वाचक-भगिनीच्या पत्रावरून दिसून आले. त्यांच्या पुतण्याने हा बेत बोलून दाखविल्यापासून घरात दोन तट पडले आहेत. थोरले दीर म्हणतात, विमानाचे नावही या घरात नको. धाकटे दीर म्हणतात, पहिल्या फेरीस मीच शेजारी बसणार. सासूबाई देवास साकडे घालून मोकळ्या झाल्या आहेत. 'वडीलमंडळींनी हो म्हणावे की नाही?' असा बाईंचा सरळ प्रश्न आहे. आमच्या मते 'हो की नाही' यापेक्षा 'हो म्हटल्यावर घराने कसे वागावे' हा प्रश्न अधिक मोठा आहे; आणि त्याचा विचार फारसा कोणी करीत नाही. या खेपेस तोच करावयाचा आहे.

प्रथमच सांगून टाकतो, की आम्ही वैमानिक नाही. आमचा जन्म धातुरूपे पाठ करून घेण्यात गेला. परंतु आमच्या हाताखालून गेलेले काही विद्यार्थी पुढे या विद्येत शिरले. त्यांच्याकडून ऐकावे, पुस्तकांशी ताडून पाहावे, आणि न समजलेले पुन्हा विचारावे, असा आमचा क्रम आहे. मास्तराने विद्यार्थ्यास विचारण्यात कमीपणा मानू नये, हे पेन्शनीत गेल्यावर विशेष पटते.

नागपुरास विमान ही वस्तू नवी नाही. जानेवारी 1949 मध्ये रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांनी निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री आमच्या सोनेगावास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत, आणि पहाटेच्या आत आपापल्या गावी परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा मान नागपुरास संत्र्यांइतकाच या टपालाने मिळवून दिला. येथील फ्लाइंग क्लबही 1947 सालचा. मध्यंतरी बरीच वर्षे त्याची विमाने जमिनीवरच बसून होती, हे खरे. पण विदर्भातील मुलांस वैमानिक व्हावयाचे तर परदेशीच गेले पाहिजे असे नाही. गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर शिकाऊ विमाने घिरट्या घालताना तिकडील लोक नित्य पाहतात.

संस्कृताच्या माणसास विमान म्हटले की पुष्पक आठवणारच. कालिदासाने रघुवंशाचा सबंध तेरावा सर्ग पुष्पकातून दिसणाऱ्या पृथ्वीच्या वर्णनास दिला आहे. पण त्या पुष्पकाचा एक गुण असा, की ते स्वामीच्या इच्छेप्रमाणे चाले. आपल्या देशात 1958 साली दुसरे एक पुष्पक आकाशात गेले. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात तयार झालेले हे दोन आसनांचे, 90 अश्वशक्तीचे विमान कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या देखरेखीखाली घडले. घाटगे यांनी जर्मनीत गटिंगेन येथे प्रांट्ल या जगन्मान्य शास्त्रज्ञाच्या हाताखाली अध्ययन केले होते. ही पुष्पके देशातील अनेक फ्लाइंग क्लबांत गेली व त्यांवर कित्येक वैमानिक तयार झाले. मात्र या दुसऱ्या पुष्पकास स्वामीच्या इच्छेशी काही कर्तव्य नव्हते. ते हवेच्या, वजनाच्या आणि इंजिनाच्या नियमाने चाले. आपली इच्छा आणि विमानाचा नियम यांत भेद पडला तर नियम जिंकतो, एवढे ज्यास पक्के उमगले त्यास या विद्येचा पहिला धडा आला असे समजावे.

आता शिकण्याविषयी. खासगी वैमानिकाच्या परवान्यास आपल्याकडे वयाची 17 वर्षे पूर्ण लागतात, शिक्षण दहावीपर्यंतचे पुरते, वैद्यकीय तपासणी उतरावी लागते, लेखी परीक्षा द्याव्या लागतात, आणि किमान 40 तासांचे उड्डाण पदरी असावे लागते. म्हणजे आमच्यासारख्या मॅट्रिक झालेल्या माणसाचेही शिक्षणाच्या अटीत अडणार नाही. अडेल ते गुडघ्यांत आणि डोळ्यांत. परंतु 40 तास ही सुरुवात आहे. मुंज झाली म्हणजे वेदाध्ययन संपले असे कोणी म्हणत नाही, तसेच हे. परवाना हातात आल्यावरचा काळच अधिक जपण्याचा. कारण तेव्हा शिक्षक शेजारी नसतो, आणि धीटपणा मात्र अनुभवाच्या पुढे धावत असतो.

ज्या जे. आर. डी. टाटांस 10 फेब्रुवारी 1929 रोजी या देशातील पहिला वैमानिक-परवाना मिळाला, त्यांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपालाचे विमान आणले. आणि त्याच घटनेच्या सुवर्णमहोत्सवास, 1982 साली, वयाच्या 78व्या वर्षी तसलेच लहान जुने विमान पुन्हा त्याच मार्गाने स्वतः चालवीत आणले. पन्नास वर्षे उडून पुन्हा उडावयास शिल्लक राहणे, यास आम्ही खरे वैमानिकत्व म्हणतो. दहा मिनिटांत टाळ्या मिळवून अकराव्या मिनिटास नाहीसे होणे हे वैमानिकत्व नव्हे.

विमान विकत घेण्याची घाई करू नये. पुष्पक मूळचे कुबेराचे; रावणाने ते हिसकावून घेतले, आणि रामचंद्रांनी अयोध्येस पोहोचताच ते ज्याचे त्यास परत पाठविले. यातील व्यवहारज्ञान आमच्या मते फार मोठे आहे. वस्तू वापरावी आणि जो ती सांभाळू शकतो त्याच्या ठाणबंदीत परत धाडावी. विमानाची किंमत एकदाच द्यावी लागते. पण विमा, हँगरचे भाडे, दर वर्षीची तपासणी, ठरावीक तासांनी करावयाची दुरुस्ती, आणि परवानाधारक इंजिनियराचा मेहनताना हे खर्च विमान उडो वा न उडो चालूच राहतात. लहान विमानांची पुष्कळ इंजिने सुमारे 2,000 तासांनी, किंवा तितके तास भरले नाहीत तरी सुमारे 12 वर्षांनी, उघडून नवी करण्यास कारखानदार सांगतात. न वापरलेले इंजिन शाबूत राहते ही समजूत चुकीची आहे. पडून राहिलेल्या इंजिनास आतून गंज चढतो. न म्हटलेले पाठांतर जसे विसरते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून पहिली दोनतीन वर्षे क्लबाच्या विमानावर काढावी. त्यानंतरही हौस टिकली तर भागीचा विचार करावा. आणि भागी करावयाची तर पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावे, की विमानात दोष आढळला असता कोणाही एका भागीदाराने 'आज उडावयाचे नाही' म्हटले की ते सर्वांवर बंधनकारक. ही एक ओळ पुढील शंभर भांडणे आणि एखादा प्राणही वाचवील.

उड्डाणापूर्वीच्या तयारीसंबंधी आमच्या विद्यार्थ्यांनी जे सांगितले ते ऐकून आम्हांस आमच्या घरच्या पूजेची आठवण झाली. आचमन, प्राणायाम, संकल्प, हा क्रम जन्मभर पाठ असूनही भटजी पोथी समोर ठेवितात. वैमानिकही कार्डावर छापलेली यादी हाती धरून एकेक गोष्ट बोटाने दाखवीत, मोठ्याने म्हणत तपासतो. ही चाल कशी पडली ते ऐकण्याजोगे आहे. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेत बोइंग कंपनीचे एक मोठे नवे बॉम्बफेकी विमान परीक्षेच्या उड्डाणात उठताच कोसळले व पेटले. चालविणारे अत्यंत निष्णात होते, यंत्रात काही दोष नव्हता. जमिनीवर असताना शेपटीचे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लाविलेली अडसर काढावयाची तेवढी राहून गेली होती. त्यावरून बोध घेऊन यादी वाचण्याची शिस्त लागली. निष्णात माणसासच यादीची गरज अधिक; कारण नवशिका भीतीने तरी पाहतो, निष्णात मात्र पाहिले आहे असे गृहीत धरतो.

यादीतील काही गोष्टी घरच्या मंडळींसही कळाव्यात अशा आहेत. टाकीच्या तळाशी पाणी साचते, कारण पाणी पेट्रोलाहून जड. म्हणून प्रत्येक दिवशी तळाची कळ उघडून पेट्रोल काचेच्या भांड्यात घेऊन पाहावयाचे. काट्यावर विश्वास न ठेविता टाकीत पट्टी बुडवून पेट्रोल मोजावयाचे. वेग दाखविणाऱ्या यंत्राची एक बारीक नळी बाहेर असते. तिचे तोंड झाकलेले होते की नाही, आणि झाकण काढले की नाही, हे पाहावयाचे. हा बारकावा क्षुल्लक वाटेल. पण आपल्या खिडकीच्या कोनाड्यात मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी अशा नळीतही घर करते. 6 फेब्रुवारी 1996 रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकात एक मोठे प्रवासी विमान समुद्रात पडून 189 माणसे गेली. काही दिवस उभ्या राहिलेल्या त्या विमानाची ती नळी बुजली होती, आणि ते काम बहुधा माशीचेच असावे, असा चौकशीचा अभिप्राय पडला.

वजनाचा हिशेब तर आपल्या आतिथ्यशील कुटुंबांनी अवश्य समजून घ्यावा. शिकाऊ विमानांत पुष्कळ प्रसिद्ध असलेले सेस्ना 152 हे विमान घ्या. त्याचे उड्डाणाच्या वेळचे एकूण वजन 757 किलोंच्या वर जाऊ द्यावयाचे नाही. रिकामे विमान सुमारे 500 ते 530 किलो भरते, भरलेल्या टाकीतील पेट्रोल सुमारे 67 किलो. राहिले काय? दोन माणसे आणि त्यांचे सामान मिळून 160 ते 190 किलो. पंगतीत वाढणाऱ्यास 'पुरे' म्हणण्याची सवय नसलेले दोन गृहस्थ बसले की हिशेब संपला. अशा वेळी 'एवढा लाडवांचा डबा काय जड होतो?' असे काकूंनी म्हणू नये. डबा रेल्वेने पाठवावा.

त्यातून नागपूरचा उन्हाळा. हवा तापली म्हणजे विरळ होते; विरळ हवेत पंखांस आधार कमी मिळतो, पुढच्या पंख्यास पकड कमी मिळते, आणि इंजिनास श्वासही कमी मिळतो. सोनेगावचा विमानतळ समुद्रसपाटीहून सुमारे 1,000 फूट उंच आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला, की तेथील हवा विमानास जवळजवळ 5,000 फूट उंचीवरच्या हवेसारखी भासते. म्हणजे विमान नागपुरास उभे असते, पण त्याच्या दृष्टीने ते महाबळेश्वराहूनही उंच ठिकाणी उभे असते. जे विमान माघातल्या सकाळी चटकन उठते तेच वैशाखातल्या दुपारी धावपट्टी खात सुटते व उठल्यावरही रखडत चढते. म्हणून उन्हाळ्यात पहाटे उडावे, ओझे कमी घ्यावे, आणि दहा वाजल्यानंतर विमान सावलीत व माणूस घरात असावा. मोठ्या जेट विमानाच्या मागोमाग उठण्याचाही मोह नको. त्याच्या पंखांच्या टोकांपासून न दिसणारे भोवरे मागे सुटतात आणि ते लहान विमानास कुशीवर लोळवू शकतात. यासाठी निदान दोन मिनिटे थांबण्याचा नियम आहे.

इंजिन बंद पडले तर काय, ही सर्वांची मोठी धास्ती. वस्तुतः इंजिन बंद पडल्याने विमान दगडासारखे पडत नाही. ते घसरत, तरंगत खाली येते व चालविणारा शांत असेल तर शेतात उतरू शकतो. 25 जुलै 2022 रोजी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात एक शिकाऊ विमान कडबनवाडी येथे शेतात आदळत उतरले. विमानाची नासधूस झाली, पण एकटीच असलेली शिकाऊ वैमानिक किरकोळ जखमांवर बचावली. घात होतो तो बहुधा निराळ्या कारणाने. उठल्याबरोबर इंजिन थकले, की माणसास मागे वळून धावपट्टीवर परतावेसे वाटते. त्या वळणात वेग मरतो. विमानाचे नाक वर ओढले जाते. आणि पंखांवरून वाहणारी हवा एकाएकी पंख सोडते. त्या क्षणी पंख हे पंख राहत नाहीत, नुसते पत्रे होतात. त्यावर उपाय एकच, नाक खाली करावयाचे. आणि तो उपाय करण्यास उंची लागते. जमीन जवळ आलेली पाहून नाक खाली करणे हे मनुष्यस्वभावाच्या विरुद्ध आहे. म्हणूनच ते शिक्षकाबरोबर पुष्कळ उंचीवर पुनःपुन्हा करून अंगवळणी पाडावे लागते. खाली, लोकांस दिसावे म्हणून, कसरती करणाऱ्यास ही उंचीच शिल्लक नसते. 23 जून 1980 रोजी दिल्लीस सफदरजंगजवळ संजय गांधी कसरतीचे दोन आसनी विमान चालवीत असता ते कोसळले व त्यांच्यासह सोबतचे वैमानिकही गेले. नाव मोठे असल्याने जमीन अधिक मऊ होत नाही.

परंतु उंचीहून व उन्हाहूनही फसवा शत्रू म्हणजे ढग. मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर राहिला तो आपल्या जवळचा रामटेकच, असे पुष्कळ विद्वान मानतात. त्यामुळे आषाढातल्या मेघाविषयी विदर्भाच्या मनात माया असावी हे साहजिक आहे. वैमानिकाने ती बाळगू नये. ढगात शिरताच क्षितिज नाहीसे होते. तोल सांभाळणारे आपले इंद्रिय कानाच्या आत आहे; सावकाश होणारे वळण त्यास कळत नाही. विमान एका कुशीवर कलत असते आणि माणसास वाटते, आपण सरळ चाललो आहोत. 1954 साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात याची परीक्षा घेतली गेली. यंत्रे पाहून उडण्याचे शिक्षण नसलेल्या 20 जणांस, बाहेरचे काही दिसू न देता, पण शेजारी शिक्षक बसवून, विमान चालवावयास दिले. वीसही जणांच्या हातून विमान सुटले; आणि त्यास लागलेला सरासरी वेळ 178 सेकंद, म्हणजे तीन मिनिटेही नव्हेत. त्यांत कोणी मूर्ख किंवा भित्रा होता असे नाही. मनुष्याच्या कानाची घडणच तशी आहे, आणि तेथे धैर्याचा काही उपयोग नाही.

येथपर्यंत आम्ही वैमानिकास उद्देशून बोललो. आता जे सांगावयाचे ते घरच्या मंडळींस. आणि ज्यासाठी हा लेख लिहिला ते हेच.

16 जुलै 1999 रोजी अमेरिकेचे दिवंगत अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव आपले लहान विमान स्वतः चालवीत, पत्नी व मेहुणीसह, चुलत बहिणीच्या लग्नास निघाले. निघण्यास उशीर झाला, रात्र पडली, समुद्रावर धुरकट हवा होती. ढगात वा अंधारात केवळ यंत्रांवर उडण्याचा परवाना त्यांजपाशी नव्हता. क्षितिज दिसेना, दिशा व तोल यांचा भ्रम झाला, आणि विमान समुद्रात पडून तिघेही गेले. भ्रमाचे कारण चौकशीत नोंदले गेले. त्या रात्री त्यांच्या मनात काय होते हे कोणी सांगू शकत नाही, आणि आम्ही ते सांगण्याचा आव आणीत नाही. पण लग्नघर, ठरलेली वेळ, वाट पाहणारी माणसे, हे शब्द वाचताना आपल्यापैकी कोणास आपले घर दिसत नाही?

एकत्र कुटुंबाची माया मोठी, आणि त्या मायेस एक धार असते. 'तू आल्यावाचून पाने वाढावयाची नाहीत.' 'मामा मुद्दाम तुझे विमान पाहावयास थांबले आहेत.' 'सोमवारी कचेरीत हजर झालाच पाहिजेस.' बसने किंवा रेल्वेने येणाऱ्यास ही वाक्ये निरुपद्रवी आहेत. कारण गाडी त्याच्या हाती नसते. पण विमान ज्याच्या हाती आहे, त्याच्या कानात ही वाक्ये ढगापाशी पोहोचल्यावर वाजू लागतात. परत फिरावे हे त्याची विद्या सांगते. पोहोचावे हे त्याचे घर सांगते. आणि संस्कारी मुलगा असेल तर तो घराचे ऐकतो! ज्या गुणाचा आपणांस अभिमान, तोच गुण येथे घातक ठरतो.

18 मार्च 2023 रोजी बिरसीहून निघालेले एक शिकाऊ विमान बालाघाट जिल्ह्याच्या डोंगरांत कोसळले; शिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही दगावले. ते शिक्षणाचे उड्डाण होते, हौसेचे नव्हे, आणि त्याची कारणे आमच्या या विषयाहून निराळी असतील. परंतु नागपुराहून काही तासांच्या मोटारीच्या वाटेवर हे घडले. तेव्हा हा विषय दूरदेशीचा आहे असे कोणी समजू नये.

म्हणून ज्या घरात वैमानिक असेल त्या घराने काही नियम पाळावे, अशी आमची विनंती आहे.

त्यास येण्याची वेळ विचारू नये. 'निघताना कळव, उतरल्यावर कळव,' एवढेच सांगावे. पण कोणत्या मार्गाने जाणार आणि किती वेळाचे पेट्रोल बरोबर आहे, हे घरातील एका जबाबदार माणसास ठाऊक असावे. म्हणजे निरोप आला नाही तर कोठे व केव्हा चौकशी करावयाची ते कळेल. सरकारी नियमाप्रमाणे गावाबाहेरच्या उड्डाणाचा आराखडा आधी नोंदवावाच लागतो. त्याची एक प्रत घरात ठेविण्यास काही खर्च नाही.

लग्न, मुंज, श्राद्ध, परीक्षा, कोर्टाची तारीख, अशा न टळणाऱ्या प्रसंगी त्याने लहान विमानाने येऊ नये. हौसेचे वाहन निकडीच्या कामास जुंपू नये. निकडीस रेल्वे आहे. आणि तरीही तो विमानाने निघालाच, तर परतीच्या रेल्वेचे तिकीट खिशात असावे. ज्याच्यापाशी दुसरी वाट आहे तोच पहिली वाट सोडू शकतो.

तो अर्ध्या वाटेतून परत फिरला, किंवा परगावी उतरून रात्र काढली, तर त्याची थट्टा करू नये. उलट त्या दिवशी घरात गोड करावे. आणि 'कालच्या वादळातून कसा आलास रे!' असे कौतुक मात्र चुकूनही करू नये. मुले ज्या गोष्टीची वाहवा होते तीच पुन्हा करितात, हे चाळीस वर्षे शिकविलेल्या माणसाने तुम्हांस वेगळे सांगावयास नको.

आग्रहाने कोणी विमानात बसू नये, आणि कोणास बसवू नये. जटायु आणि संपाती हे दोघे भाऊ चढाओढीने सूर्याकडे झेपावले. धाकट्यास वाचविताना थोरल्याचे पंख जळाले. लहान विमानात पाहणारे नातलग असले म्हणजे चढाओढीस दुसरा पक्षी लागत नाही. आपला काल आणि आपला आज यांतच ती लागते.

मद्याविषयी नियम असा, की उड्डाणापूर्वीच्या 12 तासांत त्याचा थेंबही नको. आमच्या वाचकांच्या घरी याचा प्रश्न येऊ नये. पण जागरण, उपास, सर्दीने बुजलेले कान, घरातले कडाक्याचे भांडण, यांचाही त्याच खात्यात जमाखर्च धरावा. एकादशीचा उपास पोटी ठेवून किंवा वडिलांशी दोन शब्द होऊन निघालेला मुलगा विमान चालविण्याच्या स्थितीत नसतो. अशा वेळी वडिलांनीच पुढे होऊन म्हणावे, 'आज राहू दे. भांडण उद्याही करता येईल.'

ज्या बाईंनी प्रश्न विचारला त्यांच्या थोरल्या दिरांच्या भीतीस आम्ही हसत नाही. भीती ही वाईट वस्तू नव्हे. फक्त ती योग्य जागी बसविली पाहिजे. विमानाच्या नावास भिऊन मुलास बंदी केली तर तो चोरून शिकेल, आणि चोरून शिकलेल्यास घरी प्रामाणिकपणे 'आज मी परत फिरलो' असे सांगता येत नाही. ज्या घरात ते सांगता येते, त्या घराने मुलास खुशाल विमान शिकू द्यावे. ज्या घरात ते सांगता येत नाही, त्या घराने त्यास मोटारही देऊ नये.

आकाश काही पळून जात नाही. ते उद्याही सोनेगावावर तितकेच निळे असणार. त्याखाली आपला मुलगा उद्याही असावा, यासाठी आज 'राहू दे' म्हणण्याची सवय त्याने क्लबात आणि आपण घरात, दोघांनीही मिळून लावून घेतली पाहिजे.